यामाहा आरएक्स १०० चं सर्व्हिस मॅन्युअल, पार्ट्स कॅटलॉग आणि वायरिंगचा कागद: पुण्यातल्या नाना पेठेतून घेतले, कसे निघाले?

आधीच सांगतो, पैसे वसूल. आरएक्स १०० उघडून बसला असाल आणि वायरिंगपायी डोकं उठलं असेल तर हे कागद घ्याच. पण तीन गोष्टी घेतल्या त्या तिन्ही माझ्या लेखी सारख्या कामाच्या नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी मामाची, १९९२ चं मॉडेल. मामानं जीव लावून वापरली, पुढं गुडघ्यामुळं किक मारणं जमेना तशी इस्लामपूरच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. मी पुण्याला आणली तेव्हा इंजिन मोकळं होतं, म्हणजे जाम नव्हतं, टाकी आतून गंजलेली, आणि वायरिंग म्हणजे इतक्या वर्षांत ज्याच्या हाती गाडी लागली त्यानं आपापल्या परीनं जोडलेली. हेडलाईटचा डोम उघडला तर आत जिकडं तिकडं लाल वायर. जिथं तुटली तिथं लाल वायरीचा तुकडा, वर काळी टेप, आणि त्या टेपचा चिकटा उन्हानं पातळ होऊन बोटाला लागतोय. आता यामाहात लाल म्हणजे थेट बॅटरीची प्लस, सगळंच लाल करून ठेवलं तर कुठली वायर कुठं चाललीय हे मल्टिमीटर घेऊन बसल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

इंजिनवाले मिस्त्री अजून भरपूर आहेत, पुण्यात आहेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर विचारूच नका, आरएक्सचं इंजिन डोळे झाकून उघडतात आणि बोअर करून दुसऱ्या दिवशी हातात देतात. वायरिंगला मात्र कुणी हात लावायला राजी नाही, जो तो म्हणतो नवीन हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, टाका ना. लोकल हार्नेस मिळतो, पण जे मी हातात घेऊन बघितले त्यात रंग भलतेच होते, वायर बारीक आणि कपलर सैल. आणि मामाच्या गाडीचा मूळ हार्नेस वरून घाण दिसत असला तरी आतलं तांबं चांगलं होतं, तो फेकून द्यायला मन होईना. म्हणून कंपनीचा वायरिंगचा कागद शोधायचा ठरवलं.

सगळ्यात आधी ऑनलाईन एका विक्रेत्याकडून पीडीएफ घेतली होती. नाव घेत नाही, असे बरेच आहेत, त्यामुळं ओळखायचं कसं तेवढं सांगतो. वर आरएक्स १०० लिहिलेलं आणि आत आरएस १०० चं मॅन्युअल. आरएस म्हणजे सत्तरच्या दशकातली परदेशातली गाडी, तिला पॉइंट्स (स्पार्कसाठी उघडझाप करणारा जुन्या पद्धतीचा कॉन्टॅक्ट), कंडेन्सर आणि ६ व्होल्ट. आपली आरएक्स १०० सीडीआयवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर, चालते आणि १२ व्होल्टची आहे. तेव्हा पीडीएफमध्ये इग्निशनच्या चॅप्टरला पॉइंट्सचा गॅप कसा ठेवायचा असं काही दिसलं की ते तुमच्या गाडीचं नाही, पैसे देऊ नका. दुसरी एक फाईल मिळते ती ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या आरएक्सएस १०० ची. इंजिन एकाच घराण्यातलं असल्यामुळं तो भाग वाचायला चांगला आहे, पण वायरिंग आपल्याकडच्या गाडीशी जुळवायला जाऊ नका, नुसता गोंधळ होतो.

तर नाना पेठ. टू व्हीलरचे पार्ट घ्यायला पुणेकर वर्षानुवर्षं तिथंच जातात, त्यात नवीन काही नाही. मला हवं होतं ते दुकान गल्लीच्या आतल्या बाजूला आहे, मालक साठीच्या पुढचे, काऊंटरमागच्या लाकडी कपाटात जुने कॅटलॉग आणि मॅन्युअल रचून ठेवलेत आणि त्याची झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग करून देतात. मी म्हटलं, काका आरएक्स १०० चं वायरिंग सर्किट पाहिजे. कपाटाकडं वळायच्या आधी त्यांनी विचारलं, "इंजिन नंबर आणलाय का? आधी तो दाखवा." मी आरसीचा फोटो दाखवला, त्यांनी चष्मा वर करून नंबरातलं '१एल१' शोधलं, म्हणाले हां, ही खरी हंड्रेड, आता देतो.

हे इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कारण आरएक्स १०० आपल्याकडं १९८५ ते १९९६ एवढीच बनली, मग आरएक्सजी आणि आरएक्स १३५ आल्या. आज रस्त्यावर जिच्या टाकीवर आरएक्स १०० चं स्टिकर आहे तिच्यात काय काय भरलेलं असेल सांगता येत नाही. इंजिन १३५ चं, चेसिस हंड्रेडची, वायरिंग तिसऱ्याच गाडीचं. अशा गाडीला हंड्रेडचा कागद देऊन उपयोग काय? दुकानदार धंद्याच्या आधी हे विचारतो म्हणजे त्याला काम कळतं. (१५ वर्षांच्या पुढची गाडी असली की पुन्हा रजिस्ट्रेशनला आरटीओत इंजिन आणि चेसिस नंबर तपासतातच, तेव्हा रिस्टोरेशनवर एक रुपया घालायच्या आधी दोन्ही नंबर आरसीशी जुळवून बघा.)

मॅन्युअल ४५० ला, पार्ट्स कॅटलॉग ३५० ला आणि वायरिंगचा मोठा ए३ कागद १०० ला. आता एकेक.

सर्व्हिस मॅन्युअल ठीक आहे, फार हरखून जाऊ नका. इंजिनचा भाग उत्तम. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० एमएम, पिस्टनचे ओव्हरसाईज पाव एमएमच्या टप्प्यानं, मापं कुठं आणि कशी घ्यायची याची लाईन ड्रॉइंग स्पष्ट आली आहेत, बोअरवाल्याकडं जाताना ते पान बरोबर घेऊन जा. ऑटोल्यूब पंपाची (इंजिनात आपोआप ऑइल सोडणारा पंप) केबल जुळवायचं पानही वाचून काढा, थ्रॉटलची केबल खाली दोन ठिकाणी फुटते, एक कार्बोरेटरला आणि एक ऑइल पंपाला, आणि हे दोन्ही एकमेकांशी जुळलेले नसले तर एक तर धूर किंवा पिस्टन जाम. पण फोटो असलेली पानं झेरॉक्समध्ये काळीकुट्ट झालीत, क्लचच्या पानावर तर नट कुठला आणि सावली कुठली समजत नाही. आणि एक, कॉईलचे जे ओहममधले आकडे दिलेत ते २० डिग्री तापमानाचे आहेत. एप्रिलात पुण्यात ३५ डिग्रीत मोजलं तर तांब्याचा रेझिस्टन्स साधारण ६ टक्क्यांनी जास्त दिसणारच, म्हणून चांगली सोर्स कॉईल (सीडीआयला वीज पुरवणारी) खराब समजून बदलू नका.

खरं सोनं तो १०० रुपयांचा वायरिंगचा कागद. ब्लॅक अँड व्हाईट आहे, रंग अक्षरांनी लिहिलेत, आणि इथं नवीन माणूस हमखास अडकतो कारण यामाहाच्या कागदावर 'बी' म्हणजे ब्लॅक, ब्लूसाठी 'एल' वापरतात. 'बीआर' ब्राऊन, 'सीएच' चॉकलेट, 'डीजी' डार्क ग्रीन, 'एसबी' आकाशी. दोन अक्षरांमध्ये तिरपी रेघ असली तर पहिला मूळ रंग आणि दुसरा त्यावरचा पट्टा. झेरॉक्समध्ये ती रेघ दोन-तीन ठिकाणी पुसट झालीये, काकांना दाखवलं तर त्यांनी मूळ कॉपी काढून पेनानं ठळक करून दिली. घरी येऊन मी मुलीची स्केचपेनं घेतली आणि अख्खा कागद रंगवून काढला, मग भिंतीला चिकटवला. तुम्हीही हे कराच, अर्धं काम तिथंच होतं.

एकदा कागद डोळ्यासमोर आला की सगळं सुटत जातं. लाल बॅटरीतून चावीपर्यंत. चावी फिरवली की पुढं ब्राऊन, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाईट सगळे त्याच ब्राऊनवर जगतात. काळी म्हणजे अर्थ. पिवळी अप्पर, हिरवी डिप्पर. फ्लॅशरमधून (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) ब्राऊनवर पांढरा पट्टा असलेली वायर निघते ती इंडिकेटरच्या स्विचला, तिथून चॉकलेट डावीकडं आणि डार्क ग्रीन उजवीकडं. मामाच्या गाडीचा हॉर्न वाजत नव्हता आणि कुणीतरी बॅटरीतून सरळ लाल वायर बटणाला आणून ठेवलेली. कागदावर बघितलं तर हॉर्नला ब्राऊनमधून करंट कायमच असतो, हॉर्नमधून निघालेली गुलाबी वायर बटणाला जाते, आणि बटण दाबलं की ती गुलाबी अर्थला टेकते. म्हणजे बटणाला प्लस न्यायची गरजच नाही! ती उपरी लाल वायर काढून टाकली, गुलाबी जागेवर जोडली, बटणाचा कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासला आणि हॉर्न असा काही वाजला की खालच्या मजल्यावरच्या काकू बाहेर आल्या.

पण या कागदाचा सगळ्यात मोठा फायदा करंट येत नव्हता तेव्हा झाला. करंट म्हणजे प्लगला स्पार्क. या गाडीत इग्निशन मॅग्नेटवर चालतं, सोर्स कॉईल, पल्सर कॉईल (स्पार्कची वेळ सांगणारी), सीडीआय आणि एचटी कॉईल (प्लगला करंट देणारी), बॅटरीचा त्यात संबंध नाही, बॅटरी काढून ठेवली तरी गाडी चालू होते. चावी बंद केली की काळ्यावर पांढरा पट्टा असलेली वायर अर्थ होते आणि स्पार्क मरतो. म्हणजे हीच वायर वाटेत कुठं सोलून बॉडीला लागत असेल तर चावी चालू असूनही गाडी बंदच. माझ्याकडं आलेला एक मिस्त्री सीडीआय गेला म्हणून मोकळा झाला होता, नवीन आणा म्हणाला. मी कागद बघून सीडीआयजवळचा काळा-पांढरा जोड सोडला, किक मारली, प्लगला निळा कडक स्पार्क. वायर हँडलच्या खाली गळ्याजवळ घासली होती, हँडल वळवताना चेसिसला टेकायची. तिथं स्लीव्ह घातली, काम झालं. सीडीआय बदलायच्या आधी हा एक जोड सोडून बघा, एवढं कराच.

अजून एक, जे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. चेसिस पावडर कोटिंगला दिली असेल तर जिथं जिथं काळ्या वायरीचा बोल्ट किंवा रेग्युलेटर, कॉईल बसते तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा. पावडर कोटिंगमधून करंट जात नाही. डावा इंडिकेटर दिला की उजवाही मंद मंद लुकलुकतो, असल्या भुताटकीच्या मागं बहुतेक वेळा अर्थच असतो.

पार्ट्स कॅटलॉगबद्दल बरेच जण म्हणतात कशाला, पार्ट तर समोर दिसतोय. मला तो मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडला. एक तर त्यातल्या सुट्या भागांच्या चित्रात वॉशर कुठं, बुश आधी का स्पेसर आधी, हे सगळं क्रमानं दिसतं. आणि दुसरं म्हणजे नंबर. यामाहाच्या पार्ट नंबरात पहिली तीन अक्षरं तो पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी बनला ते सांगतात, मधले पाच आकडे पार्ट काय आहे ते सांगतात, शेवटचे दोन बदल किंवा रंगाचे. ११६३१ म्हणजे पिस्टन, ८५५४० सीडीआय, ८२३१० एचटी कॉईल, ८२५९० वायरिंग हार्नेस, कुठल्याही यामाहाला हेच. हे कळलं की जुन्या बाजारात एखाद्याकडं धूळ खात पडलेली पिवळी पडलेली पाकिटं असतात ना, त्यावरचा नंबर वाचून आत काय आहे आणि आपल्याला चालेल का हे पाकीट न उघडता समजतं. मला साईड स्विच असाच मिळाला, विकणाऱ्याला तो कशाचा तेच माहीत नव्हतं.

दुकानाच्या बाबतीत दोन तक्रारी. झेरॉक्स आधी काढून ठेवलेली देतात, त्यामुळं पानं मोजूनच घ्या, माझ्यात कार्बोरेटरचं एक पान नव्हतं, मागितल्यावर लगेच काढून दिलं पण परत जावं लागलं. आणि कागद परत घेत नाहीत. ते मला पटतं, पण मॉडेल चुकलं तर पैसे गेलेच. बाकी काका बोलायला मोकळे आहेत, गर्दी नसेल तर कागद काऊंटरवर पसरून समजावून सांगतात. यूपीआय चालतं. गाडी लावायला जागा मिळत नाही, पीएमपीनं गेलात तर बरं. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, दुपारनंतर मिस्त्री लोकांची रांग असते आणि मग तुमच्या प्रश्नांना वेळ मिळणार नाही. जाताना आरसीबरोबर इंजिनवर ठोकलेल्या नंबरचा आणि हेडलाईट डोमच्या आतल्या वायरींचा फोटो घेऊन जा, ते बघून कुठलं वायरिंग लागेल ते काका तिथल्या तिथं सांगतात.