कुडाळ बाजारातलं केकच्या सामानाचं दुकान: कोको झकास, क्रीम मात्र बघून घ्या

भाचीच्या वाढदिवसाला तीन थरांचा चॉकलेट केक घरीच करायचा ठरला, तेव्हा सगळं सामान इथूनच आणलं. नाहीतर आमच्याकडे कोण मुंबईहून येतंय ते बघायचं आणि त्याच्या गळ्यात यादी मारायची.

कोकोला पैकीच्या पैकी. डच प्रोसेस सुटी मिळते, पाव किलोसुद्धा देतात, रंग एकदम काळाकुट्ट आणि कच्चा तुरटपणा अजिबात नाही. दुकानातल्या ताईंनी आपणहून विचारलं, 'रेसिपीत नुसता सोडा आहे की बेकिंग पावडर पण?' कारण या कोकोतला आंबटपणा काढून टाकलेला असतो, मग नुसत्या सोड्यावर केक नीट फुगत नाही आणि वर सोड्याची चव लागते ती वेगळीच. माझ्या रेसिपीत ताक होतं म्हणून निभावलं. गरम कॉफीत कोको कालवला तर वास पार पडवीपर्यंत!

चॉकलेटचं मात्र जरा वादावादीवर गेलं. मला गनाशला, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या दाट मिश्रणाला, कुव्हर्चरच (भरपूर कोको बटरवालं खरं चॉकलेट) हवं होतं, ताई म्हणे मे महिन्यात खळ्यात केक कापणार आणि कुव्हर्चर कशाला? पटलं, कारण कोको बटर ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडे दुपारी तेवढं असतंच की. कंपाउंड चॉकलेटमध्ये त्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, ते उकाड्यात जास्त तग धरतं. चवीला डावंच, जिभेवर मेणासारखं रेंगाळतं, म्हणून आतल्या थरांना खरं चॉकलेट आणि बाहेरून कंपाउंड, त्यात क्रीम चॉकलेटच्या निम्मंच घातलं. फोटो काढून होईपर्यंत कडा जश्याच्या तश्या.

आता तक्रार. व्हिपिंग क्रीमचा पॅक दिला तो वितळून परत गोठलेला होता, आत बर्फाचे खडे, फेटलं तर रवाळ झालं आणि खाली पाणी सुटलं. लाईट जाते हे मान्य, सगळ्यांचीच जाते, पण मग तो माल विकायचा कशाला? फोन केला तर 'पुढच्या वेळी बघू', पैशाचं नावच नाही. शेवटी थरांमध्ये पण गनाशच भरलं.

कोको, चॉकलेट, साचे, बटर पेपर डोळे मिटून घ्या. क्रीम घ्यायचंच असेल तर पॅक दाबून बघा, वेडावाकडा फुगून गोठलेला असेल तर तिथेच परत करा आणि जाताना बर्फाचा डबा न्या.