१८ नंतरच्या स्पेशल मुलांसाठी कोथरूडमधलं वर्कशॉप
ज्यांची स्पेशल मुलं १८ ची होत आलीयेत त्यांनी नक्की वाचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांपर्यंतच आहे, त्यामुळे भाचीची शाळा संपली आणि ताई पार हवालदिल झाली, कारण पोरगी पैसे मोजायला आत्ता कुठे शिकत होती. कोथरूडच्या या वर्कशॉपमध्ये १८ च्या पुढची मुलं घेतात आणि नुसतं बसवून ठेवत नाहीत हे मला सगळ्यात आवडलं. पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या हे आहेच, पण दुकानातून सामान आणणं, सुटे परत घेणं, पीएमपीचा बस नंबर वाचणं हेही शिकवतात आणि मॅडम न चिडता तेच तेच परत दाखवतात, खरंच मोठं मन लागतं याला. फी मात्र जास्त, व्हॅनचे वेगळे, सगळ्यांना नाही परवडणार. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत २१ पर्यंत शाळेतच सोय असते, आपल्याकडेही सरकारने तेवढं तरी वाढवायलाच पाहिजे. इथे वेटिंग असतं, सतराव्या वर्षीच नाव घालून ठेवा. आणि १८ झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज कलेक्टरांच्या समितीकडे करावा लागतो, त्याचीही माहिती त्यांनी नीट बसवून दिली.