प्रॉक्समॉक्सवर ओपीएनसेन्स: राउटर उत्तम, पण वेग मिळवण्यासाठी थोडं खपावं लागतं

ओपीएनसेन्स हा फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर राउटर. २०१५ मध्ये तो पीएफसेन्स या तशाच राउटरमधून वेगळा झाला. फायरवॉल, व्हीपीएन, ट्रॅफिक शेपिंग (वेगाचं वाटप आणि मर्यादा) सगळं चोख आहे. तरी प्रॉक्समॉक्समध्ये, म्हणजे एका संगणकावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बसवल्यावर गिगाबिट (१००० एमबीपीएस) लाइनवर दोनशे-तीनशे एमबीपीएसच मिळतात, ही तक्रार सारखी ऐकू येते. बहुतेकदा यात राउटरचा दोष नसतो. घोळ असतो तो व्हर्च्युअल नेटवर्क कार्डात.

आधी मोजा. लॅपटॉप थेट मोडेमला लावून वेग बघा. मग आयपर्फ३ हे दोन मशीनमधला वेग मोजणारं साधन चालवा, पण राउटरवर नाही. एक मशीन लॅनला (आतल्या नेटवर्कला), दुसरं वॅनच्या (बाहेरच्या) बाजूला. राउटरवरच चालवलं तर आयपर्फच प्रोसेसर खातो आणि आकडा फसवा येतो. गिगाबिटवर ९४० च्या आसपास आलं की लाइन भरली. दर वेळी ९४ येत असेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका: लिंक १०० एमबीपीएसवर जुळली आहे. केबलच्या चारपैकी एखादी जोडी तुटली की हेच होतं.

प्रॉक्समॉक्समध्ये कार्डाचं मॉडेल व्हर्टआयओच (खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेलं) ठेवा. ई१००० या इंटेलच्या जुन्या कार्डाचं अनुकरण प्रोसेसरला जड जातं. मल्टिक्यूचा (कार्डाच्या रांगांचा) आकडा व्हर्च्युअल कोअरइतका द्या आणि प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट' निवडा, नाहीतर व्हीपीएनला एईएस एन्क्रिप्शनची हार्डवेअर मदत मिळेलच असं नाही. कार्डावरची फायरवॉलची खूणही काढा, ती मध्ये एक जादा ब्रिज (व्हर्च्युअल स्विच) घालते. मॉडेल बदललं की इंटरफेसचं नाव ईएम० वरून व्हीटीनेट० होतं, म्हणून कन्सोल उघडा ठेवा. तिथून इंटरफेस पुन्हा नेमून द्यावे लागतात.

चेकसम (पॅकेट शाबूत आहे का तपासणारा आकडा), टीएसओ (पाठवताना मोठे तुकडे कापणं) आणि एलआरओ (आलेले तुकडे जोडणं) हे तिन्ही ऑफलोड, म्हणजे कार्डावर सोपवलेली कामं, ओपीएनसेन्समध्ये बंदच हवेत. मेनूत 'डिसेबल' असं लिहिलेलं असतं, म्हणजे खूण केली की बंद. इथे गफलत होते. पॅकेट होस्टबाहेर (प्रॉक्समॉक्स चालवणाऱ्या संगणकाबाहेर) जाणार नाही असं धरून व्हर्टआयओ चेकसम अर्धवट सोडू शकतं. तेच पॅकेट राउटरने पुढे ढकललं की पलीकडचं मशीन ते टाकून देतं. पिंग जातो, पण पान उघडत नाही, ही याची ओळखीची खूण. बदलानंतर रीबूट करा.

सगळ्यात चिवट दुखणं पीपीपीओईचं, म्हणजे युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या इंटरनेट लाइनचं. आयपीचा हेडर पीपीपीओईच्या फ्रेममध्ये दडलेला असल्यामुळे सर्वसाधारण कार्डाला प्रवाह वेगवेगळ्या रांगांत वाटता येत नाहीत, आणि येणारा सगळा डेटा एकाच कोअरवर आदळतो. प्रोसेसरचा भार दाखवणाऱ्या 'टॉप' कमांडमध्ये प्रत्येक कोअर वेगळा दाखवा: एक शंभर टक्के आणि बाकीचे निवांत असतील तर निदान झालं. ओपीएनसेन्सच्या ट्यूनेबल्स या सेटिंग पानावर नेट.आयएसआर.डिस्पॅच 'डिफर्ड' आणि नेट.आयएसआर.मॅक्सथ्रेड्स उणे १ करून रीबूट केल्यावर बराच फरक पडतो. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ आणि एमएसएस (त्यातल्या टीसीपी डेटाचा कमाल आकार) १४५२ बाइट आहे का तेही पाहा. चुकलं तर काही साइट अर्ध्यात अडकतात. कमी ताकदीच्या प्रोसेसरवर गिगाबिट पीपीपीओई असेल तर हे सेटअप निवडताना दोनदा विचार करावा.

सुरिकाटाचा आयपीएस (घुसखोरी रोखणारी यंत्रणा) आणि ट्रॅफिक शेपर चाचणीपुरते बंद ठेवा. लाइनचा वेग वाढवून घेतल्यावर शेपरमधला जुना आकडा बदलायचा राहून जातो, हेही सर्रास घडतं.

एवढं करूनही भागलं नाही तरच पीसीआय पासथ्रू, म्हणजे खरं कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला देणं. त्यासाठी बायॉसमध्ये इंटेलचं व्हीटी-डी किंवा एएमडीचा आयओएमएमयू चालू हवा, आणि ते कार्ड होस्टला मग वापरता येत नाही. लाइव्ह मायग्रेशनही (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणं) जातं. इंटेलचं कार्ड असेल तर हा मार्ग चांगला. रिअलटेक असेल तर व्हर्टआयओवरच राहा: तिथे कार्ड लिनक्सचा ड्रायव्हर सांभाळतो, आणि फ्रीबीएसडीचा रिअलटेक ड्रायव्हर त्यापुढे लंगडा पडतो.