भुसावळ, टॉप फ्लोअरचा वन बीएचके : ११ महिने राहून लिहितोय

स्टेशनपासून पायी दहा मिनिटं, पाणी वेळेवर, मालक बोलायला गोड. म्हणून २ स्टार. बाकीचे ३ उन्हाळ्यात गेले.

डोक्यावर थेट स्लॅब. भुसावळचा मे म्हणजे ४५ अंश, ते आपल्याला नवीन नाही भो, पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडत बसतो हे तिथं राहिल्यावर कळलं, रात्री १ वाजता भिंतीला हात लावा, तवा नुसता. कूलर लावला तर चिकचिक, कारण मागची खिडकी शेजारच्या बिल्डिंगला भिडलेली, हवा बाहेर जाणार कुठून?

आमचा पोरगा ८ वर्षांचा, शांत पोर. मार्चपासून चिडायला लागला, लहान बहिणीला मारायचा, बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की वर्गात लक्ष नसतं. आई म्हणे नजर लागली, मी म्हणे मोबाईल. मोबाईल काढून घेतला तर अजून बिघडला. डॉक्टरांनी एकच विचारलं, झोपतो किती? मोजलं तर जेमतेम ६ तास, ते पण तुटक. या वयात ९ ते १२ लागतात.

त्यात रेल्वे लाईन. आपण मोठे सरावतो, भुसावळकर तर गाडी लेट झाली तरच जागा होतो. पण न्यूयॉर्कच्या एका शाळेत रुळाच्या बाजूच्या वर्गातली सहावीची पोरं वाचनात जवळपास वर्षभर मागं होती असं १९७५ च्या अभ्यासात निघालं, नंतर आवाज कमी केला तर फरक मिटला. शाळेचं आहे ते, पण माझ्या डोक्यातून जाईना.

खरा राग गच्चीचा. आमच्या यावलकडच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात उन्हाळाभर सगळे वर झोपायचे. इथं गच्चीला कुलूप. स्लॅब कमी तापावा म्हणून माझ्या खर्चानं वर चुना मारतो म्हटलं, तरी नाही. पोरांना खेळायला पार्किंग, तिथं पण गाड्यांना स्क्रॅच पडतात म्हणून ओरडा.

जूनमध्ये तळमजल्यावर आलो. आता त्याला सकाळी हलवून उठवावं लागतं. पाऊसही लागलाय, म्हणून सगळं क्रेडिट घराला देत नाही.

घर बघायला दिवसा जाऊ नका, मे महिन्यात रात्री ११ ला जा. आणि गच्चीची चावी कोणाकडं असते ते विचारा, आम्ही फक्त डिपॉझिट विचारलं होतं.