एडिसन की फ्रिस्को? बंदुकीचे कायदे पाहून ठरवायचं तर

न्यू जर्सीतलं एडिसन सोडून टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या फ्रिस्कोला जावं का, हा विषय आपल्या लोकांत निघाला की गाडी घराच्या किमती आणि राज्याच्या इन्कम टॅक्सवर येऊन थांबते. बंदुकीचं काय, म्हटलं तर ‘अमेरिकेत सगळीकडे सारखंच’. तसं नाहीये. 2021 साली टेक्सासमध्ये लाखामागे साधारण 15 माणसं गोळीने गेली, न्यू जर्सीत साधारण 5. अर्थात न्यू जर्सीतसुद्धा एडिसन वेगळं आणि गुन्हेगारीसाठी बदनाम कॅम्डन वेगळं.

न्यू जर्सीत बंदूक घ्यायची तर आधी पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, ओळखीच्या दोघांची नावं. पिस्तूल हवं तर प्रत्येक पिस्तुलाला वेगळा परवाना. जवळ बाळगून फिरायचं तर आणखी एक. 2022 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाआधी हा शेवटचा सामान्य माणसाला जवळजवळ मिळतच नसे. आता अटी पूर्ण केल्या की मिळतो.

टेक्सासमध्ये घ्यायला राज्याचा परवानाच लागत नाही. दुकानदार केंद्राच्या कायद्याप्रमाणे चौकशी करतो, पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकली तर तीही सक्तीची नाही. सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना विनापरवाना पिस्तूल बाळगता येतं. त्यामुळे दारावरच्या पाट्या वाचायची सवय लागते. लाल अक्षरात ‘51%’ दिसलं की समजायचं, इथली निम्म्याहून जास्त कमाई दारूची, पिस्तूल आत न्यायचं नाही.

शाळांची काळजी सगळ्यांनाच असते. युवाल्डीच्या शाळेत 2022 मध्ये 19 मुलं आणि 2 शिक्षिका गोळीबारात गेल्यावर टेक्सासने पुढच्या वर्षी प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक सक्तीचा केला. फ्रिस्कोजवळच्या ॲलनमध्ये मात्र 2023 साली हल्ला झाला तो मॉलवर; 8 जण मारले गेले.

मला सगळ्यात मोठा वाटतो तो फरक घरातला आहे. अमेरिकेत गोळीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. न्यू जर्सीत 2019 पासून घरचे लोक किंवा पोलीस कोर्टात जाऊन धोक्याच्या अवस्थेतल्या माणसाकडची बंदूक तात्पुरती काढून घ्यायला लावू शकतात. टेक्सासने 2025 मध्ये असे आदेश रोखणाराच कायदा केला. घरात बंदूक असेल आणि कुणी नैराश्यातून जात असेल, तर फ्रिस्कोचं मोठं घर मी तरी घेणार नाही.

एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर दोन्हीकडे केंद्राचाच नियम: शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक घेता येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना येते. आपण घेतली नाही तरी मुलं मित्राकडे रात्री राहायला जातातच. तेव्हा त्याच्या आईला फोन करून सरळ विचारावं, घरात बंदूक आहे का, आणि कुलपात असते का. टेक्सासमध्ये तर नक्कीच.