चुंबक की हातमोजा?

बोटं थोडीफार उघडतात, पण हात कामाला येत नाही. पक्षाघातानंतर या टप्प्यावर अडकलेल्यांना हल्ली दोन सल्ले मिळतात. एक, डोक्यावर चुंबकी ठोके घ्या, म्हणजे आरटीएमएस. दुसरा, चांगला हात हातमोज्यात अडकवून ठेवा आणि दुबळ्याला राबवा, म्हणजे सीआयएमटी. माझा उजवा हात गेला होता. चौथ्या-पाचव्या महिन्यात मी दोन्ही करून पाहिलं, आधी चुंबक, मग हातमोजा. एका माणसाच्या एका हाताचा हा अनुभव आहे, तेवढंच वजन द्या.

चुंबकामागचा विचार पटण्यासारखा आहे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर मेंदूची चांगली बाजू शिरजोर होते आणि दुखावलेल्या बाजूला दाबते, असं मानतात. म्हणून चांगल्या बाजूवर सेकंदाला एक असे मंद ठोके द्यायचे, म्हणजे ती जरा गप्प बसेल. दुखत नाही, कवटीवर कुणी टिचक्या मारत बसल्यासारखं वाटतं. फिट येण्याचा इतिहास, डोक्यात धातू किंवा छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टर सहसा नाहीच म्हणतात. ओल्या स्पंजातून एक-दोन मिलिअँपिअर करंट देण्याचा, टीडीसीएसचा, स्वस्त प्रकारही असतो. तो मी घेतला नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

माझं बिनसलं ते वेळापत्रकावरून. डोंबिवलीहून लोकल, मग टॅक्सी, असं करत मी अकराला खुर्चीत बसायचो. वीस मिनिटांत सुट्टी. फिजिओ मात्र तीनला! ठोक्यांनंतर मेंदू थोडा वेळ शिकायला राजी असतो, तेवढ्यात हात राबवला पाहिजे, हे तिथल्या डॉक्टरांनीच मला समजावलं होतं. आणि त्या मोलाच्या वेळात मी काय करत होतो? कँटीनच्या बाकावर डाव्या हाताने चहा पीत होतो. वेळ बदलून मागितली, तर ‘मशीनचं डिपार्टमेंट वेगळं आहे हो’ एवढंच उत्तर मिळालं. सहाव्या दिवसानंतर मी जाणं सोडलं.

नंतर वाचलं तेव्हा ती चिडचिड अगदीच अनाठायी वाटली नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. 199 रुग्ण, प्रत्येकी 18 सत्रं. काहींना खरे ठोके, काहींना नुसतं नाटक, आणि हाताचा सराव मात्र सगळ्यांना. दोन्ही गटांत साधारण दोन-तृतीयांश लोक सुधारले. फरक जवळपास नाहीच. श्रेय सरावाचं असावं, असं मला वाटतं. (लहान चाचण्यांत चुंबकाचा फायदा दिसलेला आहे, हेही सांगायला हवं.)

हातमोज्याची कल्पना अमेरिकेतल्या अलाबामाच्या एडवर्ड टाउब या मानसशास्त्रज्ञांची, माकडांवरच्या प्रयोगांतून आलेली. दुबळा हात दगा देतो म्हणून आपण तो वापरणं सोडतो, आणि पुढे ती सवयच होते. 2006 मध्ये 222 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले लोक, दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ हातमोजा. कमावलेलं वर्षभरानंतरही टिकलं होतं. अट एकच, मनगट आणि बोटं दहा अंश तरी उघडली पाहिजेत. तेवढी उघडत नसतील तर हा मार्ग तूर्त तुमचा नाही. आणि झटक्यानंतर लगेच, पहिल्या काही आठवड्यांत, हा अतिरेक नको.

मी घरीच केलं, फिजिओ एक दिवसाआड बघून जायची. सौ.ने गोधडीच्या तुकड्याची पिशवी शिवली आणि डाव्या हातात चढवली. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात मटाराच्या सात शेंगा सोलल्या, त्यातले निम्मे दाणे सोफ्याखाली. मग कपड्यांचे चिमटे, मग कॅरमच्या सोंगट्या. त्रास होतोच. लेंग्याची नाडी सुटेना म्हणून चिडून रडलो आहे, शेवटी इलॅस्टिक घातलं. जिन्यावर आणि मोरीत पिशवी काढायची, तोल जाईल. पण शेंग फुटली की लगेच कळतं, फुटली. त्यासाठी लोकल पकडावी लागत नाही.

चुंबकाने किंवा करंटने उत्तेजना देणं म्हणजे थोतांड, असं माझं म्हणणं नाही. 2021 मध्ये 108 रुग्णांवर मानेतल्या व्हेगस या मेंदूला जोडलेल्या नसेला करंट देणारी चाचणी झाली. त्यात हात हलवताना, त्याच क्षणी, करंट दिला जायचा, आणि फायदा स्पष्ट दिसला. त्यासाठी छातीत यंत्र बसवावं लागतं, म्हणजे तो वेगळाच खटाटोप. पण वेळ जुळवली होती, हे लक्षात घ्या.

तेव्हा चुंबक घेणारच असाल, तर पैसे भरण्याआधी फोनवर एवढंच विचारा, खुर्चीतून उठल्यावर माझा हात कोण हलवून घेणार, आणि किती वाजता? माझी दहापैकी चार सत्रं अजून शिल्लक आहेत. तिथल्या फिजिओची वेळ साडेअकरा झाली, तर जाईन म्हणतो.