हिरवं कुलूप, राखाडी कुलूप: अनपेवॉल तीन वर्षं वापरल्यावर

कॉलेजातून निवृत्त झाले त्याच महिन्याच्या शेवटी माझा जर्नल्सचा, म्हणजे संशोधनाचे लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा, लॉगिन बंद झाला. नियमाप्रमाणेच झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण निफाड तालुक्यातल्या सीनियर कॉलेजात ३१ वर्षं केमिस्ट्री शिकवताना काही अडलं की मूळ लेख उघडायचा, ही सवय हाडीमांसी भिनलेली. आता लेखाच्या पानावर सारांश दिसायचा आणि त्याखाली किंमत, बहुतेक ठिकाणी ३० ते ४० डॉलर. एका लेखाला अडीच-तीन हजार रुपये. आमच्या घरचं महिन्याचं दूध त्यात येतं.

भाचीनं माझ्या लॅपटॉपवर अनपेवॉल बसवून दिलं, त्याला या दिवाळीत तीन वर्षं झाली. ब्राउझरमध्ये जोडायची छोटीशी सोय आहे ही, क्रोमलाही चालते, फायरफॉक्सलाही. पैसे लागत नाहीत. लेखाचं पान उघडलं की उजव्या कडेला एक कुलूप येतं. त्या लेखाची मोफत आणि कायदेशीर प्रत कुठे असेल तर कुलूप हिरवं आणि उघडं. दाबलं की प्रत समोर. नसेल तर राखाडी आणि बंद. याहून जास्त काही ते करत नाही, आणि मला त्याहून जास्त काही नकोच होतं.

चालतं कसं, तेही सांगते. आजकालच्या जवळजवळ प्रत्येक लेखाला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो. अनपेवॉल पानावरचा तो क्रमांक वाचतं आणि आपल्या यादीशी ताडून पाहतं. विद्यापीठांची भांडारं, पबमेड सेंट्रल (वैद्यकीय लेखांचा मोफत साठा), आर्काइव्ह (फिजिक्स-गणिताच्या लेखांचा तसाच साठा), शिवाय मुळातच खुली असलेली जर्नल्स, यांतून ही यादी तयार होते. अवरीसर्च नावाची ना-नफा संस्था ती चालवते. २०१७ मध्ये हे सुरू झालं तेव्हा संस्थेचं नाव इम्पॅक्टस्टोरी होतं. चोरून चढवलेल्या प्रती या यादीत घेत नाहीत. माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात मोठा गुण. विद्यार्थ्यांना आयुष्यभर कॉपी करू नका म्हणून सांगितलं, मग स्वतः मागच्या दारानं कशी जाणार?

आता वापराचं सांगते.

आमच्या ह्यांना बीपी आहे आणि साखरही. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी बातमीचं कात्रण आणून दिलं: वरचा आकडा १२० च्या आत ठेवला तर हार्ट अटॅक कमी होतात, अमेरिकेत सिद्ध झालंय. ह्यांनी दुसऱ्या दिवसापासून घोषा लावला, "आपला १३४ आहे, डॉक्टर काहीच करत नाहीत." मी तो मूळ लेख शोधला. स्प्रिंट नावाची चाचणी, २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली. कुलूप हिरवं. दाबल्यावर पबमेड सेंट्रलवरची प्रत उघडली. अमेरिकन सरकारच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेचा पैसा ज्या संशोधनाला लागतो, त्याचा लेख तिथे ठेवावाच लागतो, हा नियम २००८ पासून आहे. म्हणून ही प्रत मिळाली.

लेख सावकाश वाचला. ९,३६१ माणसं, सगळी पन्नाशीच्या पुढची. एका गटाचं ध्येय १२० च्या आत, दुसऱ्याचं १४० च्या आत. पहिल्या गटात हृदयाचे मोठे त्रास साधारण २५ टक्क्यांनी कमी झाले, म्हणून चाचणी ठरल्याआधीच थांबवली. इथवर कात्रण बरोबर होतं. पण कुणाला घेतलं नाही, हे लेखात स्पष्ट लिहिलंय: मधुमेह असलेल्यांना आणि आधी पक्षाघात होऊन गेलेल्यांना. म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा एकही माणूस त्या ९,३६१ जणांत नव्हता! शिवाय १२० वाल्या गटात बीपी एकदम उतरणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, किडनीवर ताण येणं हे प्रकार जास्त झाले. तेही तिथेच दिलंय.

आणखी एक ओळ होती, तिनं आमच्या घरातली रीत बदलली. बीपी मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं आणि तीनदा मोजून सरासरी काढायची. आमचे हे भाजीची पिशवी खाली ठेवायचे, तीन जिने चढून आलेले, आणि लगेच दंडाला पट्टा गुंडाळायचे. आता गॅलरीतल्या खुर्चीत पाठ टेकून बसतात, पाय जमिनीवर, बोलणं बंद, मी घड्याळ लावते. तीन आकडे वहीत. पहिला जवळजवळ नेहमी जास्त येतो, तिसरा खाली उतरतो. पहिल्या आठवड्यातच कळलं की तो १३४ बराचसा जिन्याचा होता.

लेखाची प्रिंट आणि वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. गोळी वाढवा म्हणायला नाही, विचारायला. त्यांनी आधी २०१० ची अकॉर्ड चाचणी सांगितली. ती मधुमेह्यांवरच केलेली, आणि तिच्यात एवढा ठळक फायदा दिसला नव्हता. नंतर पुढच्या भेटीत २०२४ मध्ये चीनमधल्या मधुमेह्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीबद्दल बोलले, तिच्यात मात्र फायदा दिसला. ह्यांचं वय, किडनीचे रिपोर्ट, सगळं पाहून काय करायचं ते त्यांनी ठरवलं. औषधाचं ठरवणं त्यांचंच काम आहे. पण आम्ही काय विचारायचं ते कळून गेलो होतो, आणि त्या दिवशी ते आमच्याशी वीस मिनिटं बोलले.

द्राक्षांच्या बाबतीत अनुभव वेगळा आला. माझा एक जुना विद्यार्थी पिंपळगावकडे बाग करतो, माल युरोपला पाठवतो. गोडी छाटणीनंतर डावणी या वेलीच्या रोगासाठी फवारण्या सुरू झाल्या की त्याचा फोन ठरलेला. "मॅडम, पुण्याच्या द्राक्ष केंद्राची यादी आहे माझ्याकडे, कुठल्या औषधाचा पीएचआय, म्हणजे फवारणीपासून तोडणीपर्यंत थांबायचे दिवस, किती ते तिच्यात दिलंय. पण तेवढेच दिवस का, ते मला समजून घ्यायचंय." २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, तेव्हा त्याचे वडील बाग बघत. त्या घरात रेसिड्यू, म्हणजे फळावर उरलेला अंश, हा शब्द कुणी हलक्यानं घेत नाही.

त्याला हव्या असलेल्या औषधावरचा लेख एका मोठ्या प्रकाशकाच्या जर्नलमध्ये सापडला. कुलूप राखाडी. दुसरा एक हिरवा होता, पण ज्या परदेशी विद्यापीठाच्या भांडारात तो ठेवलेला, तिथे दारावरच पासवर्ड मागितला. शेवटी पहिल्याच लेखाच्या पानावर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या पत्त्यावर मी ईमेल केला: कोण, कुठची, कशासाठी हवंय. चौथ्या दिवशी लेखकानं स्वतः पीडीएफ पाठवली. राखाडी कुलूप दिसलं की आता मी हेच करते आणि बरेचदा उत्तर येतं.

तो लेख वाचताना मला झालेला आनंद कसा सांगू! द्राक्षावरचा अंश दिवसागणिक कसा उतरतो त्याचा आलेख होता, आणि तो सरळ फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेचा, म्हणजे ठरावीक दिवसांत दरवेळी निम्मा होणारा. एफवायच्या पोरांना दरवर्षी फळ्यावर लिहून दिलेलं सूत्र, अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) म्हणजे ०.६९३ भागिले के, के म्हणजे अभिक्रियेच्या वेगाचा स्थिरांक. विद्यार्थ्याला फोनवर हिशेब मांडून दाखवला. समजा सुरुवातीला किलोमागे २ मिलिग्रॅम अंश आहे, मर्यादा ०.०५ आहे आणि अर्धायुष्य तीन दिवसांचं. म्हणजे ४० पट खाली यायचंय. पाच वेळा निम्मं केलं तर ३२ पट होतं, सहा वेळा केलं तर ६४ पट. सव्वापाच वेळा धर, सोळा दिवस झाले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "म्हणजे दोन दिवस आधी तोडून चालत नाही ते यामुळे." वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा हा.

फिजिक्स माझा विषय नाही, पण माहेर हिंगोलीचं. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होणार म्हटल्यापासून भाऊ विचारतो, "ताई, तिथे नेमकं काय मोजणार?" मोजणार गुरुत्वीय लहरी. त्या पहिल्यांदा सापडल्या त्याचा २०१६ चा लेख मूळ जर्नलमध्येही खुला आहे आणि आर्काइव्हवरही. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरं एक झाली, उरलं ६२ पट, आणि मधल्या तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या रूपानं निघून गेलं. एवढं भावाला समजावता आलं. पुढचं गणित माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

भूशास्त्राचं मात्र थोडं जास्त सांगायचंय, कारण ते आपल्या पायाखालचं आहे. शेजारच्या मुलांना इथल्या, नाशिकच्या पांडवलेणीला घेऊन गेले होते. पायऱ्या चढताना एकानं विचारलं, "आजी, हा दगड कधीचा?" मी म्हटलं, साडेसहा कोटी वर्षांचा, लाव्हाचा. "कसं कळलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन शोधलं. दख्खनच्या लाव्हाच्या वयावर २०१९ मध्ये सायन्समध्ये दोन गटांचे लेख एकाच वेळी आले आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक गट म्हणत होता, डायनासोर संपायच्या थोडं आधी उद्रेकाचा मोठा जोर होता. दुसरा म्हणत होता, बहुतेक लाव्हा त्यानंतर आला. २०२१ मध्ये जिओक्रोनॉलॉजी नावाच्या खुल्या जर्नलमध्ये दोन्हींची आकडेवारी शेजारी ठेवून पाहणारा लेख आला. खुलं जर्नल, त्यामुळे कुलूप हिरवंच. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत तिथे माती झाली, ती ही. असल्या पट्ट्यांत कधीकधी ज्वालामुखीची राख सापडते, राखेत झिरकॉनचे बारीक स्फटिक, आणि स्फटिकातल्या युरेनियमचं किती शिसं झालंय ते मोजून वय काढतात.

थरांची नावं वाचताना मी थांबलेच. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. या पाचांना मिळून नाव कळसूबाई. जगभरचे लोक ज्यावर वाद घालतात तो इगतपुरी थर इथून गाडीनं तासाभरावर. त्या मुलाला पुढच्या वेळी घाटातला तांबडा पट्टा दाखवायचा, हे ठरवून टाकलंय.

उणिवा. मोबाइलवरच्या क्रोममध्ये हे बसत नाही. लॅपटॉप नसलेल्या विद्यार्थ्याला ही मोठीच अडचण. शोधाच्या यादीत कुलूप दिसत नाही, प्रत्येक लेखाचं पान उघडावं लागतं. डीओआय नसलेल्या जुन्या लेखांना उपयोग नाही. आणि हिरव्या कुलपामागे मिळते ती प्रत कधी छापील असते, कधी लेखकाचं हस्तलिखित, कधी तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा मसुदा. पहिल्या पानावर काय लिहिलंय ते आधी बघायचं, विशेषतः औषधाची गोष्ट असेल तर. ही तपासणी कुलूप करत नाही.

किती लेख मिळतील म्हणाल, तर हे बनवणाऱ्यांनीच २०१८ मध्ये अभ्यास छापला होता: एकूण संशोधनापैकी निदान २८ टक्के खुलं, पण २०१५ च्या लेखांत ४५ टक्के. नवं ते जास्त खुलं, असा माझाही अनुभव आहे.

सरकारनं २५ नोव्हेंबर २०२४ ला वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर केलं: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स. सरकारी कॉलेजातल्या भाचीला त्याचा फायदा होतो, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ती सोय सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. निवृत्त बाई, बागायतदार, बीपीचा पेशंट यांना अजून या हिरव्या कुलपाचाच आधार.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मोबाइलचा कापला.

इंदिरानगर परिसरात कुणाला बसवून हवं असेल तर रविवारी सकाळी नऊनंतर मी घरी असते. दोन मिनिटांचं काम आहे. लॅपटॉप चार्ज करून आणा, आणि अडलेल्या लेखाचं नाव कागदावर लिहून आणलंत तर लगेच बघू.